घंटीची वही

केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पालकांना वाटायच्या पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला तेव्हा वर्ग सुरू व्हायला वीस मिनिटं होती. पानं नुकतीच छापून आली होती, अजून कोमट होती.

"सातव्या पानावर तुझा आलेख घेतलाय," मॅडम म्हणाल्या. "इतका स्वच्छ उतार आपल्याकडे दुसरा नाहीच. नाव कुठं घातलेलं नाही हं. 'घरातील वयस्क व्यक्ती', एवढंच."

मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि आज जमेल का, नाहीतर मी घेते, असं विचारलं. मी जमेल म्हटलं. आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

आमच्या केंद्रात येणारी मुलं बोलत नाहीत, किंवा फार कमी बोलतात. कुणी डोकं आपटतं, कुणी चावतं, कुणी एकाच दारापाशी तासभर उभं राहतं. आम्ही बघतो, लिहून ठेवतो आणि भोवतालची एखादी लहानशी गोष्ट बदलून पुन्हा बघतो. याला 'उपयोजित वर्तन विश्लेषण' असं भारदस्त नाव आहे. ते ऐकून पालक घाबरतात, म्हणून नव्या पालकांचा पहिला वर्ग मी नावानं सुरू करत नाही. फळ्यावर तीन रकाने काढते. आधी, काय केलं, नंतर. मुलानं काही करण्याच्या आधी काय झालं, मग त्यानं नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. जे केल्यावर हवं ते मिळतं, ते माणूस पुन्हा करतो. जे केल्यावर काहीच मिळत नाही, ते हळूहळू विझतं. सगळं शास्त्र या तीन रकान्यांत मावतं असं मी अकरा वर्षं सांगत आले आहे.

आणि उदाहरण म्हणून आईची गोष्ट सांगत आले आहे.

आई एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं होती. तळघरातली खोली, खिडकी नाही, आधी दोऱ्या खुपसायचा बोर्ड आणि नंतर बटणांचा. आतल्या कुठल्याही फोनवरून नऊ फिरवलं की आई. अख्खं इस्पितळ तिला 'नऊ नंबरच्या बाई' म्हणायचं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. एकदा जिन्यात एका मोठ्या सर्जननं तिला बाजूला व्हा म्हटलं, आणि तिनं "हो डॉक्टर" म्हटल्याबरोबर ते गर्रकन वळून म्हणाले, अहो, तुम्ही होय. आई हे फार रंगवून सांगायची. तिचे दोन नियम होते. तिसरी रिंग होऊ द्यायची नाही. आणि आपल्या बोलण्यानं लाइन अडवून ठेवायची नाही. पहिला आम्हां दोघा भावंडांना पाठ होता, कारण आम्ही घरात हाक मारली की ती तिसऱ्या हाकेच्या आत यायची, कणकेच्या हातांनी का होईना. दुसऱ्या नियमाकडे मी कधी फारसं लक्ष दिलं नाही.

वर्गात मी सांगायची ती गोष्ट अशी. रोज चार वाजून दहा मिनिटांनी एक आजोबा फोन करायचे आणि भेटायची वेळ कधी असते असं विचारायचे. रोज. पाच ते सात, असं सांगितलं की ठेवून द्यायचे. एक्स्चेंजमधल्या बाकीच्या बायकांना त्याचा वैताग आला होता. त्या म्हणायच्या, घड्याळ लावून येतोय म्हातारा, उचलूच नका, येईल कंटाळा. आई म्हणाली, फोन करतो ते जाऊ दे, फोनच्या आधी त्याच्याकडे काय होतं ते तरी बघू. मग तिनं हळूहळू, रोज एकेक प्रश्न विचारून शोधून काढलं. आजोबांची बायको दोन वर्षांपूर्वी इस्पितळात वारली होती. ते दुपारी झोपायचे, चारला उठायचे, शेजारची खाट रिकामी दिसायची आणि अर्धवट झोपेत वाटायचं, ती इस्पितळातच आहे, जायला उशीर होतोय. आईनं त्यांच्या सुनेला फोन करून सांगितलं, चारच्या आधी त्यांना जरा हाका मारून उठवत जा आणि उठल्या उठल्या जवळ बसा. आठवड्याभरात फोन थांबले.

बघा, मी पालकांना सांगायची, माझ्या आईनं यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण ती पहिल्या रकान्यापाशी थांबली.

गेल्या वर्षाच्या शेवटी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी आणल्यावर मागची खोली तिला दिली. आमच्याकडे दिवसभरासाठी मावशी यायला लागल्या. पन्नाशीच्या, बोलक्या, अंगानं भक्कम. माझा धाकटा भाऊ घरूनच काम करतो, त्याचं टेबल आईच्या खोलीला लागून. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसानं बजावलं होतं की सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास पाय सरळ ठेवून आडवं पडायचं, एरवी खुर्चीत बसलात तरी चालेल. आडवी पडलेली आई आपलं आपण उठून बसू शकत नव्हती. म्हणून धाकट्यानं तिच्या हाताशी टेबलावर ठेवायची एक घंटी आणून ठेवली, वरचं बटण दाबलं की टिंग वाजणारी. आई हसली. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांच्या घंट्या उचलल्या, आता माझी वाजते.

ती फारच वाजायला लागली. मावशी किंवा मी गेलो आणि काय हवंय विचारलं की आई म्हणायची, काही नाही गं. किंवा किती वाजले विचारायची. किंवा धाकटा जेवला का. मावशी तिला उशीला टेकवून जरा उठती करायच्या, चार गोष्टी बोलायच्या, परत यायच्या, आणि पाच मिनिटांत टिंग. धाकट्याच्या मीटिंगमध्ये टिंग. मावशींच्या घासागणिक टिंग. एका दुपारी धाकटा माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, तू जगाच्या पोरांना वळण लावतेस. आईचं बघ ना काहीतरी."

तो चेष्टेत म्हणाला होता. मी वही काढली.

माझ्या कामाची मला लाज कधी वाटली नव्हती, आणि आईसाठी ते करताना मला उलट बरं वाटलं. चिडण्यापेक्षा लिहिणं बरं. पाच दिवस मी आणि मावशींनी प्रत्येक घंटी तीन रकान्यांत लिहिली. दिवसाला सरासरी एकेचाळीस. तिसऱ्या रकान्यात दर वेळी कुणीतरी येत होतं, जवळ बसत होतं, बोलत होतं. मागणं मात्र काहीच नव्हतं. माझा निष्कर्ष पाच दिवसांच्या आधीच तयार होता. एकतीस वर्षं दिवसाला शेकडो माणसांशी बोललेली बाई, आता एका खोलीत पडली आहे. तिला माणूस हवं आहे. घंटी वाजवली की माणूस मिळतं.

निष्कर्ष प्रेमाचाच होता. म्हणून तर मी त्यावर शंका घेतली नाही.

योजनाही निर्दय नव्हती, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. दर अर्ध्या तासानं कुणीतरी आपणहून तिच्याजवळ जाऊन दहा मिनिटं बसायचं, घंटी वाजो न वाजो. मधे एकदा वाजली तर जायचं नाही. खरंच काही लागलं तर तिनं लागोपाठ दोनदा वाजवायची, मग ताबडतोब जायचं. आमच्या वह्यांत असतं तसं सगळं होतं. फक्त, पालकांच्या हातातल्या पानांवर सगळ्यात वर मी स्वतः जे वाक्य लिहिलं आहे, आधी शरीर बघा, दुखणं नाही ना याची खात्री करा, मग पुढचं, ते मी महिन्यापूर्वीच्या तपासणीच्या कागदावर भागवलं. रक्तदाब ठीक होता. टाके भरले होते.

मी आईला समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, जसं ती नव्या बोर्डाचं प्रशिक्षण ऐकत असेल. म्हणाली, एक म्हणजे असंच आणि दोन म्हणजे अडचण. मी म्हटलं, बरोबर.

पहिले तीन दिवस घंट्या वाढल्या. त्रेपन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. हे होतंच. विझण्याआधी ज्योत मोठी होते, असं मी पालकांना सांगते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही धावलात तर सगळं फुकट जातं. मावशींचा जीव वरखाली व्हायचा. त्या स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायची.

"तुमचं शिक्षण मोठं आहे बाई," एकदा त्या म्हणाल्या, "पण मला हे ऐकवत नाही."

मी त्यांना म्हटलं, तीन दिवस कळ काढा.

सहाव्या दिवशी दुपारी दोनदा वाजली. मावशी धावल्या, मागोमाग मी. आई म्हणाली, "किती वाजले?"

मी तिच्या खाटेच्या कडेला बसले. माझा आवाज वर्गातला होता, मऊ आणि पक्का. "आई, दोनदा म्हणजे खरंच काही अडलं असेल तर. आपलं ठरलंय ना?"

"बरं बाई," आई म्हणाली. आणि तिनं घंटी हातानं चारेक बोटं पलीकडे सरकवली.

त्यानंतर आलेख उतरायला लागला. तीस. एकोणीस. अकरा. चार. धाकटा म्हणाला, ताई, मानलं तुला. मी केंद्रात तो मॅडमना दाखवला, खरं म्हणजे मिरवला. एकोणिसाव्या दिवशी एकही घंटी नव्हती. मी शून्य लिहिलं आणि त्याच्या शेजारी एक छोटी बरोबरची खूण केली.

विसाव्या दिवशी सकाळी मावशी आईला उठवायला गेल्या तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते आणि ती तोंडानं श्वास घेत होती. इस्पितळात ती दीड दिवस होती. तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की हृदय थकलं होतं, फुफ्फुसांत पाणी साचत आलं होतं, काही आठवडे तरी असणार. मग त्यानं विचारलं, सहज, कागद भरता भरता, की आडवं पडल्यावर त्यांना धाप लागायची का, उठून बसल्यावर बरं वाटायचं का, त्या कधी काही म्हणाल्या नाहीत का.

मी नाही म्हटलं. ते खरं होतं. ती काही म्हणाली नव्हती.

सगळे सोपस्कार आटोपून घर रिकामं झाल्यावर एका दुपारी मी वही उघडली. मला वाटतं मला फक्त तिच्या दिवसांजवळ बसायचं होतं. मी पहिला रकाना वरून खाली वाचला. आडवी होती. आडवी होती. जेवून आडवी झाली. व्यायामानंतर आडवी. पाच दिवस, दोनशे पाच घंट्या, आणि खुर्चीत बसलेली असताना एकही नाही. मग तिसरा रकाना. त्यात माझं अक्षर म्हणत होतं, जवळ बसले, बोलले. मावशींचं वाकडंतिकडं अक्षर म्हणत होतं, उशी वर केली. उशी वर केली. पाठ टेकवली. उशी घसरली होती वर केली.

रात्री आई खुर्चीतच झोपायची. मी म्हणायची, रात्रपाळीची सवय अजून गेली नाही हिची. त्यावर आम्ही हसलोही होतो.

तिला माणूस नको होतं. तिला उठून बसायचं होतं. श्वास पुरत नाही हे तिनं सांगितलं नाही, कारण तिच्या हिशेबी ती अडचण नव्हती. तेवढ्यासाठी लाइन अडवायची नसते. आणि आम्ही आलो की उशी वर होतेच, हे तिला माहीत होतं. मग वेळ विचारायची, धाकट्याचं विचारायचं. मी तिला शिकवलं की घंटी वाजवून काही मिळत नाही. ती हुशार होती. एकोणीस दिवसांत शिकली.

हे मी धाकट्याला सांगितलेलं नाही. मावशींनाही नाही. जाताना त्या मला कुशीत घेऊन म्हणाल्या होत्या, तुम्ही पोटच्या पोरीसारखं केलंत, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन रडता रडता हसल्या होत्या.

मॅडमनी पानं दिली त्या दिवशी वर्गात नऊ पालक होते. मी तीन रकाने काढले. आजोबांच्या फोनची गोष्ट सांगितली. ती गाळता येईना, पुढची पानं तिच्यावरच उभी होती. दुसऱ्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई होती, कामावरूनच आली होती, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तिची मुलगी सहा वर्षांची. मशीनवर बसलं की मुलगी स्वतःच्या कानावर थापा मारते, असं तिनं सांगितलं. ताडताड मारते. ही उठून जवळ गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं की थांबते.

"सासूबाई म्हणतात नाटक आहे," ती म्हणाली. "तू उठू नकोस, आपोआप थांबेल. मला काही ते जमत नव्हतं. पण आता तुमचं हे सातवं पान बघितलं." तिनं पान वर धरलं. "म्हणजे त्यांचं बरोबर आहे ना? थोडे दिवस वाढेल, मग उतरेल?"

सगळ्यांनी पान सात काढलं. कागदांची सळसळ झाली. कुणीतरी म्हणालं, वा, सरळ शून्यावर. आलेख खरोखर सुंदर होता. आधी टेकडी आणि मग एकसारखा उतार.

मी हो म्हटलं असतं तर वर्ग पुढे गेला असता. पान आठवर शाबासकी कशी द्यावी हे होतं.

"मारते तो कान एकच की दोन्ही?" मी विचारलं.

तिनं हात उचलून आठवून बघितलं. उजवा, ती म्हणाली. नेहमी उजवाच.

"उद्या तिला कानाच्या डॉक्टरकडे न्या. उद्याच. ते बघेपर्यंत ती मारेल तेव्हा तेव्हा उठा. मशीन राहू दे."

"मग हे?" तिनं पानावर बोट ठेवलं. "हे तर बरं झालं ना, ही वयस्क व्यक्ती?"

मॅडम मागच्या दारापाशी येऊन उभ्या होत्या. पहिल्या वर्गाला त्या डोकावतात. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी खडू खाली ठेवला.

"ती माझी आई," मी म्हटलं. "आताच्या फोनच्या गोष्टीतली, तीच. या शून्याच्या दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात नेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला आडवं पडलं की श्वास पुरत नव्हता, म्हणून ती घंटी वाजवत होती. ते माझ्याच वहीत लिहिलेलं होतं, या पहिल्या रकान्यात. मी ते वाचलं नाही. मी फक्त घंट्या मोजल्या."

मॅडम दारातून हलल्या नाहीत. एका वडिलांनी पान सात उलटं करून बाकावर ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ नये असं.

मग शिवणकाम करणाऱ्या बाईनं विचारलं, तिच्या कामातलं काही विचारावं तसं, "उशी किती उंच लागायची त्यांना?"

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी टेबलावर हात आडवा धरला आणि मावशी उशी लावायच्या तेव्हा आईचं डोकं कुठवर यायचं ते आठवत वर नेला. थोडा खाली घेतला. पुन्हा जरा वर.

बाईनं डोळे बारीक करून टेबल आणि माझा तळवा यांच्यातलं अंतर बघितलं.

"एक वीत आणि चार बोटं," ती म्हणाली.

मी मान हलवली. हात तिथंच होता.